सासष्टीनंतर साळ : प्रोग्रामिंग भाषेच्या देखभालीचे विवेचन

प्रोग्रामिंग भाषा वापरणाऱ्याच्या हाती तीन गोष्टी येतात. लिहिलेला प्रोग्राम यंत्राला समजणाऱ्या आज्ञांत उतरवणारा कंपायलर. प्रोग्राम चालू असताना मेमरीची वाटणी आणि सफाई करणारा रनटाइम. आणि मजकूर, तारखा, गणित, फाइली यांसाठी तयार साधने पुरवणारी स्टँडर्ड लायब्ररी. या तिन्हींची देखभाल सहसा एकत्र होते, म्हणून ती एकाच जातीची वाटते. पण तिघांनी वापरणाऱ्याला दिलेली वचने निराळी आहेत, आणि पाळायला सर्वांत कठीण वचन लायब्ररीचे आहे. गोव्याच्या पेडणे-डिचोली तालुक्यांतील गावांच्या नावांवरून हे नेमके तपासता येते.

1. तीन वचने

कंपायलरचे वचन अर्थापुरते असते. नव्या आवृत्तीने आज्ञांचा क्रम बदलला, काही आज्ञा गाळल्या, तरी प्रोग्रामचे दृश्य फलित तेच राहिले की वचन पाळले गेले. रनटाइमचेही तसेच. मेमरी केव्हा मोकळी करायची हे त्याने ठरवावे. वापरात असलेली मेमरी मात्र काढून घेऊ नये. दोघांनाही आतल्या आत बदलण्याची मोकळीक आहे.

लायब्ररीला ती मोकळीक फार थोडी मिळते, कारण तिचे उत्तर प्रोग्रामबाहेर जाते. ते डेटाबेसमध्ये साठते, छापील यादीत उतरते, दुसऱ्या संगणकाकडे पोचते. प्रोग्राम नव्याने कंपाइल करता येतो. पंधरा वर्षांत साठलेल्या नोंदी आपोआप बदलत नाहीत.

2. ‘डिचोली’ची लांबी

‘डिचोली’ या शब्दाची लांबी किती, या प्रश्नाला गो भाषा 18, पायथन 6 आणि स्विफ्ट 3 असे उत्तर देते. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. गो यूटीएफ-8 मधील बाइट मोजते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तिथे तीन बाइट घेते. पायथन युनिकोड चिन्हे मोजते, म्हणजे तीन व्यंजने आणि तीन मात्रा. स्विफ्ट वाचकाला दिसणारी अक्षरे मोजते. काय मोजायचे हा भाषेच्या जन्मकाळी घेतलेला निर्णय पुढे बदलणे किती महाग पडते, हे पायथनने अनुभवले आहे. मजकूर आणि बाइट यांतला घोळ मिटवणे हा 2008 मधील पायथन 3 चा एक मुख्य हेतू होता. जुन्या आवृत्तीचा अधिकृत आधार थांबायला 2020 उजाडले.

निर्णय जुना असला तरी त्यामागचे नियम हलत राहतात. पेडण्यातील ‘पार्से’ घ्या. अक्षरांच्या सीमा ठरवणाऱ्या युनिकोडच्या आधीच्या सर्वसाधारण नियमानुसार त्याचे पा, र्, से असे तीन तुकडे पडत. 2023 च्या 15.1 आवृत्तीने देवनागरी जोडाक्षर एकसंध धरले, आणि पा, र्से असे दोनच राहिले. नवे उत्तर मराठी वाचकाला पटणारे आहे. पण रकान्यात किती अक्षरे मावतात याचा हिशेब जुन्या उत्तरावर बेतलेला असेल, तर सुधारणाच त्या प्रोग्रामच्या वाटेत येते.

3. ‘साळ’चा क्रम

युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल नंतर लगेच, व च्या आधी येतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. केवळ चिन्हांच्या क्रमांकावरून लावलेली गोव्यातील ठिकाणांची यादी अशी होईल : साखळी, साळ, सावईवेरे, सासष्टी. मराठी क्रमाने ती अशी हवी : साखळी, सावईवेरे, सासष्टी, साळ. पिळगाव, मुळगाव, पाळी, वेळगे, हरवळे अशी ळ असलेली नावे डिचोली तालुक्यात पावलोपावली भेटतात. गोव्यात 1987 च्या राजभाषा कायद्यानुसार देवनागरी कोकणी राजभाषा आहे आणि मराठीलाही शासकीय वापरात जागा आहे. त्यामुळे हा दोष रोजच्या कामकाजाला भिडतो.

युनिकोडच्या सीएलडीआर या भाषिक माहितीसंचात मराठी आणि कोकणी या दोन्हींसाठी ळ ह नंतर लावण्याचा नियम आहे. ज्या लायब्ररीने तो अजून घेतला नसेल, तिने तो लगेच घ्यावा, असे कोणीही म्हणेल. खरी अडचण तिथून पुढे सुरू होते.

4. सुधारणेची किंमत

लिनक्सवरील बहुतेक प्रोग्राम ज्या ग्लिबसी लायब्ररीवर उभे असतात, तिने ऑगस्ट 2018 च्या 2.28 आवृत्तीत क्रमवारीची माहिती आंतरराष्ट्रीय मानकाच्या नव्या आवृत्तीनुसार बदलली. त्यामुळे पोस्टग्रेस डेटाबेसमधील मजकुरावरचे अनेक इंडेक्स निकामी झाले. कारण सरळ आहे. इंडेक्स नावे क्रमाने मांडून ठेवतो, आणि शोधताना प्रत्येक टप्प्यावर डावीकडे जायचे की उजवीकडे हे तुलनेवरून ठरते. ‘साळ’ जुन्या क्रमाने सावईवेरेच्या आधी ठेवले असेल आणि नवा क्रम ते सासष्टीनंतर शोधत असेल, तर असलेली नोंद सापडत नाही. प्रोग्राम बंद पडत नाही, इशारा येत नाही. ‘नोंद नाही’ एवढेच उत्तर मिळते. म्हणून हा दोष सर्वांत घातक.

5. उपाय

पहिला उपाय जुने आणि नवे शेजारी ठेवण्याचा. ग्लिबसीतील मेमरी-नक्कल करणारे ‘मेमकॉपी’ वेगासाठी बदलले, तेव्हा त्याचा चुकीचा वापर करणारे जुने प्रोग्राम बिघडले. मग नव्या रूपाला 2.14 ची आवृत्ती-खूण लावली. जुन्या प्रोग्रामना जुने रूप मिळत राहिले. दुसरा उपाय साठवलेल्या उत्तरासोबत नियमाची आवृत्ती नोंदवण्याचा. पोस्टग्रेस आता क्रमवारीची आवृत्ती नोंदवून तफावत दिसल्यास सावध करते. तिसरा, कंपायलर आणि लायब्ररी यांचे बदल जुळवून आणण्याचा. पुण्यात काम केलेले सिद्धेश पोयरेकर यांनी 2017 मध्ये ग्लिबसीच्या 2.25 आणि 2.26 या आवृत्त्यांचे प्रकाशन सांभाळले. पुढे मेमरीची मर्यादा ओलांडणारे लेखन पकडणारी फोर्टिफाय संरक्षणाची तिसरी पातळी त्यांनी ग्लिबसी आणि जीसीसी कंपायलर या दोन्ही बाजूंनी उभी केली. एका बाजूने ती पूर्ण झालीच नसती.

6. निष्कर्ष

बरोबर उत्तर आणि कालचेच उत्तर यांत एक निवडणे हे देखभालीचे काम नव्हे. बरोबर उत्तर आणताना कालचे उत्तर ओळखता येईल अशी व्यवस्था ठेवणे, हे तिचे काम आहे. त्यातला पहिला भाग, म्हणजे बरोबर उत्तर आणणे, मात्र दूरच्या कंपायलरतज्ज्ञावर सोडता येणार नाही. ळ कुठे येतो हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील गावांची योग्य क्रमाने लावलेली यादी लायब्ररीच्या चाचण्यांत कायमची घालणे हे एखाद्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला जमण्यासारखे काम आहे. पुढच्या प्रत्येक आवृत्तीला त्या चाचणीतून जावे लागेल, आणि क्रम बदललाच तर तो कुणाच्याही नोंदी हरवण्याआधी लक्षात येईल.