कथा-कादंबऱ्यांतील भूकंप

भूकंपाचे धक्के काही सेकंदांत थांबतात. 'हे का घडले आणि दोष कोणाचा?' हा प्रश्न मात्र वर्षानुवर्षे रेंगाळतो. ललित साहित्यातील आपत्तीचित्रणाचा अभ्यास करताना याच प्रश्नापासून आरंभ करणे उचित ठरते.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी भूकंप, त्सुनामी आणि आग यांनी पोर्तुगालची राजधानी लिस्बन उद्ध्वस्त केली. फ्रेंच लेखक व्हॉल्तेअर याच्या 'कांदीद' (१७५९) या कादंबरिकेत हा प्रसंग येतो. पुन्हा भूकंप होऊ नये म्हणून तेथील विद्वान काही जणांना जाहीर धर्मदंड देण्याचा तोडगा सुचवतात. त्याच दिवशी धरणी पुन्हा हादरते. 'जे होते ते भल्यासाठीच' या तत्त्वज्ञानाची ही बोचरी थट्टा होती.

जर्मन लेखक क्लाइस्ट याची 'चिलीतील भूकंप' (१८०७) ही कथा १६४७ च्या सांतियागो शहरात घडते. मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या प्रेमिकांना भूकंप वाचवतो. उघड्या माळावर गरीब-श्रीमंत हा भेद क्षणभर विरतो. परंतु प्रार्थनास्थळातील प्रवचनात आपत्तीचे खापर त्यांच्या 'पापा'वर फुटते आणि जमाव त्यांचा बळी घेतो. निसर्गाने सोडले, माणसांनी मारले!

जपानमध्ये हा विषय सातत्याने हाताळला गेला. साक्यो कोमात्सु यांच्या 'जपान बुडतो' (१९७३) या कादंबरीत भूगर्भीय हालचालींमुळे संपूर्ण देश समुद्रात जातो. १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपानंतर हारुकी मुराकामी यांनी सहा कथा लिहिल्या. त्यांतील पात्रे कोबेपासून दूर आहेत, तरी त्यांची आयुष्ये आतून हलतात.

आपल्याकडे 'वक्त' (१९६५) या हिंदी चित्रपटात भूकंप एका सुखी कुटुंबाची ताटातूट करतो. येथे तो नियतीचे रूप घेतो. १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, तेव्हा रवींद्रनाथ ठाकूर यांनी त्यास जाहीर आक्षेप घेतला. लिस्बनचा वाद जणू येथेही उमटला.

अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगावी. धरणी दुभंगून माणसे गिळते, हे कथा-चित्रपटांतील लाडके दृश्य वास्तवात अपवादात्मकच. बहुतांश बळी कोसळणारी घरे घेतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, किल्लारी परिसरात दगड-मातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. दोष नशिबाचा की बांधकामाचा, हे लेखक ज्या रीतीने सुचवतो, त्यातच त्याच्या काळाची समज दिसते. त्यामुळे कथेत भिंती कशा पडल्या हे वाचताना, त्या कोणी व कशा बांधल्या होत्या याची दखल लेखकाने घेतली आहे का, हेही तपासून पाहावे.