पावती किती वर्षं जपायची? मणिबेलीला विचारा

क्रेडिट कार्डच्या पावत्या किती दिवस ठेवायच्या, हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला होता. छोटं उत्तर आधी देतो. स्टेटमेंटशी ताळा जुळेपर्यंत पावती ठेवा, वस्तूवर वॉरंटी असेल तर ती संपेपर्यंत ठेवा. स्वतःचा धंदा असेल तर आयकरासाठी हिशेबाची कागदपत्रं 6-7 वर्षं ठेवा. घर-जमिनीचे कागद मात्र कधीच टाकू नका. आणि मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत पावतीचा लगेच फोटो काढा. त्यात शाई नसतेच, उष्णतेने कागद काळा होतो आणि काही महिन्यांत अक्षरं उडतात.

आता इतिहास. मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे कुठला लॉग किती दिवस ठेवायचा हे आधीच ठरलेलं असतं. तारीख उलटली की डिलीट. पण पुढे कोण काय विचारणार हे आधी माहीत असेल, तरच ही पद्धत चालते. नंदुरबार जिल्ह्यातल्या लोकांना ते माहीत असणं शक्यच नव्हतं.

मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातलं, नर्मदेच्या काठचं आदिवासी गाव. सरदार सरोवरात बुडणाऱ्या महाराष्ट्रातल्या 33 गावांपैकी हे पहिलं. 1979 च्या नर्मदा लवादाने जमिनीच्या बदल्यात जमीन देण्याचं ठरवलं, पात्र कुटुंबाला किमान 2 हेक्टर. ऐकायला छान. पण जमीन तुमची होती हे दाखवायचं कशाने? सातपुड्यात कित्येक कुटुंबं पिढ्यान् पिढ्या जंगलजमीन कसत होती. त्याला तिकडे नेवाड म्हणतात. त्या जमिनीला सातबारा नाही. सरकारच्या लेखी ते अतिक्रमण.

खरी गंमत पुढे आहे, आणि गंमत हा शब्द मी जरा जड मनानेच वापरतोय. जंगलखात्याचा माणूस यायचा, अतिक्रमणाचा दंड करायचा, पावती फाडायची. म्हणजे तो गुन्ह्याचा कागद. महाराष्ट्र सरकारने 1978 मध्ये जुनी अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं, तेव्हा हाच कागद कामाचा ठरला, कारण त्यावर नाव होतं आणि तारीख होती. अमुक साली हा माणूस इथे नांगर धरत होता, हे खुद्द सरकारनेच लिहून दिलेलं! आणि ज्याने कोंबडी किंवा चार पैसे देऊन प्रकरण तिथेच मिटवलं, त्याचे पैसे गेले आणि पुरावाही गेला.

हे दावे कागदाअभावी अडले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. 1991 मध्ये न्यायालयाने दावे नीट तपासायला सांगितले. मग आला 2006 चा वनहक्क कायदा. त्याची अट अशी, की 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन ताब्यात हवी. तेव्हा सत्तरच्या दशकातली दंडाची पावती पुन्हा बाहेर निघाली. तीस वर्षं जुनी! ती जपून ठेवा असं फाडताना कुणी सांगितलं असेल? मला तर नाही वाटत.

2008 च्या नियमांची एक गोष्ट मला मनापासून आवडते. फक्त कागदावर अडून बसायचं नाही, असं ते सांगतात. घरपट्टीची पावती चालते, रेशनकार्ड चालतं. गावातल्या म्हाताऱ्या माणसाने सांगितलेलं लिहून घेतलं तर तेही चालतं, फक्त तो स्वतः दावेदार नको. शेताचा बांध, विहीर, पुरण्याची जागा हेसुद्धा पुरावे.

मणिबेलीत मात्र 1993 च्या पावसाळ्यात घरांत पाणी शिरलं. काठावरचं शूलपाणेश्वराचं देऊळही पुढे बुडालं. काही कुटुंबं पुनर्वसनाला गेली, काही डोंगरावर सरकली. खालची जुनी शेतं आणि त्यांचे बांध आज धरणाच्या पाण्याखाली आहेत. तिथली जमीन कोण कसत होतं हे सांगायला आता उरलेत पेटीतले कागद, आणि ज्यांनी ती शेतं डोळ्यांनी पाहिली ती म्हातारी माणसं.