जलरंगात नोंदलेले वस्त्र

महामंदीच्या काळात बेकार झालेल्या कलावंतांना काम मिळावे म्हणून अमेरिकेच्या सरकारने १९३५ साली 'फेडरल आर्ट प्रोजेक्ट' ही योजना सुरू केली आणि तिच्याच एका शाखेने, 'इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन' या नावाने, देशातील जुन्या कारागिरीची चित्रसूची करण्याचे काम हाती घेतले. १९४२ पर्यंत सुमारे चारशे कलावंतांनी १८,००० हून अधिक चित्रे पूर्ण केली. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये जतन केलेल्या या संग्रहात गोधड्या, खेळणी व भांडी यांच्या जोडीला झगे, टोप्या आणि वेस्टकोट यांचीही असंख्य चित्रे आहेत.

त्या काळी रंगीत छायाचित्रण महागडे होते आणि त्यातील रंगांचा भरवसा नव्हता, म्हणून जलरंगांची निवड झाली. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात इजिप्तच्या प्राचीन वस्तूंची चित्रे काढणाऱ्या सुझान चॅपमन यांनी या कामाची काटेकोर पद्धत कलावंतांना शिकवली. पेन्सिलीने बाह्यरेषा आखून घेतल्यावर पाण्यासारख्या पातळ रंगाचे पारदर्शक थर एकावर एक चढवले जात आणि उजळ भागासाठी पांढरा रंग न लावता कागदच कोरा सोडला जाई. रेशमी झग्याची चकाकी अशा कोऱ्या जागेतून उमटते, तर कशिद्याचा एकेक टाका जवळजवळ कोरड्या कुंचल्याच्या बारीक रेषांनी उभा राहतो.

अशा चित्राला केवळ नक्कल मानणे अन्यायाचे ठरेल. कापडाची चुणी कुठे वजनाने पडली आहे आणि कुठे शिवणीने धरून ठेवली आहे, हे कळल्यावाचून ती रंगवता येत नाही. म्हणजेच कलावंताला आधी शिंप्याची बुद्धी समजून घ्यावी लागते. चित्रासोबतच्या माहितीपत्रकात वस्त्राचा काळ, साहित्य व मालकी नोंदवलेली असे, परंतु कापडाचे वजन आणि पोत डोळ्यांना सांगण्याचे काम चित्रच करते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील रेशीम, वजन वाढवण्यासाठी त्यात मुरवलेल्या धातूच्या क्षारांमुळे, पुढे घड्यांवर चिरत जाते. त्यामुळे ते अखंड असताना केलेल्या चित्राला अस्सल पुराव्याचे मोल येते. स्वतःची शैली मागे ठेवून अनाम शिवणकाम करणाऱ्यांचे कौशल्य पुढे आणणे, हीच या कलावंतांची खरी कामगिरी होय आणि वस्त्रेतिहासात तिला मानाचे स्थान मिळायला हवे.