पौरोहित्याचा अधिकार आणि स्त्रिया : महाराष्ट्रातील वादाचा एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

धर्मक्षेत्रातील स्त्रियांच्या स्थानाची चर्चा बहुधा ‘प्रवेश’ या एकाच शब्दाभोवती फिरते. देवळाच्या गाभाऱ्यात स्त्रीने जावे की नाही, चौथऱ्यावर चढावे की नाही, हा प्रश्न वृत्तपत्रांतून गाजतो. एप्रिल २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर शनिशिंगणापूरचा चौथरा स्त्रियांना खुला झाला, तेव्हाही चर्चा प्रवेशापुरतीच राहिली. परंतु प्रवेश, दीक्षा आणि पद या तीन भिन्न गोष्टी आहेत. दर्शन घेणारी स्त्री, संन्यास घेतलेली स्त्री आणि विधी चालविणारी स्त्री यांचा अधिकार एकसारखा नसतो. महाराष्ट्राच्या इतिहासात स्त्रीला दीक्षा पुष्कळ आधी मिळाली, पद मात्र फार उशिरा मिळू लागले. हे अंतर का पडले आणि ते कशामुळे कमी होऊ लागले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

शास्त्रचर्चेतील ‘अधिकार’

पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायात यज्ञाच्या अधिकाराचा विचार आला आहे. ऐतिशायनाच्या मते यज्ञाचा अधिकार पुरुषालाच होता. बादरायणाच्या मताचा आधार घेऊन जैमिनीने तो पक्ष नाकारला आणि फलाची इच्छा स्त्रीलाही असते म्हणून तिलाही अधिकार आहे, असे ठरविले. मात्र तो अधिकार पतीसह यजमान म्हणून होता. विद्येच्या बाबतीत ती पुरुषाच्या तुल्य नाही, या कारणाने तिच्या कर्मांवर मर्यादाही घालण्यात आली. ऋत्विजाच्या पदावर ती बसू शकते काय, हा प्रश्न तेथे उद्भवलाच नाही.

हारीताने ब्रह्मवादिनी आणि सद्योवधू असे स्त्रियांचे दोन प्रकार सांगितले आणि पहिलीला उपनयन व वेदाध्ययन मान्य केले. मनुस्मृतीने विवाह हाच स्त्रियांचा उपनयनसंस्कार मानला. भारतरत्न डॉ. पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या वचनांची चिकित्सा केली आहे. येथे एक तर्कदोष लक्षात घेण्याजोगा आहे. प्रथम स्त्रीचे अध्ययन थांबविले गेले आणि नंतर ती अध्ययन केलेली नाही म्हणून तिला अनधिकारी ठरविले गेले. विद्या हीच अटीची बाब असेल तर विद्या दिल्यावर अट पुरी होते. पुढे विसाव्या शतकात पुण्यात नेमके हेच घडले.

दीक्षा मिळाली, पद नाही : विदर्भातील दोन साक्षी

लाखांदूर तालुक्याला लागूनच पवनी तालुका आहे. पवनी येथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. ज्या धर्मपरंपरेचे हे स्मारक, तिने स्त्रियांचा स्वतंत्र संघ मान्य केला होता. तथापि भिक्षुणींसाठी सांगितलेल्या आठ गुरुधर्मांपैकी पहिल्यानुसार शंभर वर्षे दीक्षित असलेल्या भिक्षुणीनेही त्याच दिवशी दीक्षा घेतलेल्या भिक्षूला वंदन करावयाचे होते. पुढे थेरवादी देशांत भिक्षुणीसंघाची परंपरा खंडित झाली. उपसंपदेला दोन्ही संघ लागतात आणि भिक्षुणीसंघच उरला नाही, तेव्हा नवी भिक्षुणी होणे अशक्य, असा युक्तिवाद रूढ झाला. १९९६ मध्ये सारनाथ येथे आणि १९९८ मध्ये बोधगया येथे पूर्व आशियातील अखंड परंपरेच्या साहाय्याने उपसंपदाविधी झाले, तेव्हा ही कोंडी फुटू लागली. पारंपरिक संघांतील मतभेद मात्र मिटलेले नाहीत.

दुसरी साक्ष महानुभाव पंथाची. तेराव्या शतकात चक्रधरांनी स्त्रियांना संन्यासदीक्षा दिली आणि मासिक धर्माचा विटाळ मानण्यास नकार दिला. त्यांच्या शिष्यवर्गात भंडाऱ्याचे नीळभट्ट भांडारेकार होते, तशीच महदंबाही होती. सतत प्रश्न विचारणारी जिज्ञासू शिष्या आणि ‘धवळ्यां’ची कर्त्री म्हणून ती मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अग्रस्थानी आहे. परंतु चक्रधरांनंतर पंथाचे आचार्यपद नागदेवाकडे गेले. ज्ञानाचा आणि मोक्षाचा अधिकार स्त्रीला मान्य झाला, पंथाचे नेतृत्व पुरुषाकडे राहिले. दोन्ही परंपरा आपापल्या काळाच्या पुढे होत्या, आणि दोघींचीही मर्यादा एकाच जागी येऊन थांबली.

यजमानाचा हक्क

पद कोणाचे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात प्रथम स्त्रीच्या बाजूने नव्हे, तर यजमानाच्या बाजूने विचारला गेला. १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी ब्राह्मण पुरोहितावाचून विवाह लावण्यास प्रारंभ झाला. ग्रामजोशी हे वतन होते. विधी कोणीही केला तरी दक्षिणेवर आपला हक्क आहे, अशी जोशांची भूमिका होती. जुन्नर परिसरातील ओतूर येथील अशा विवाहावरून चाललेला वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि अखेर यजमानाचे स्वातंत्र्य मान्य झाले.

या घटनेचे महत्त्व स्त्री-पौरोहित्याच्या चर्चेत सहसा ओळखले जात नाही. पुरोहित निवडण्याचा हक्क यजमानाकडे आला नसता तर पुढे स्त्रीला बोलावण्याचा विकल्पच उरला नसता. सत्यशोधकांनी मध्यस्थच नाकारला. पुढच्या पिढीतील काहींनी मध्यस्थ बदलला. दोन्ही मार्गांची पूर्वअट एकच होती.

साकोरी आणि पुणे

अहिल्यानगर जिल्ह्यातील साकोरी येथे उपासनी महाराजांनी १९३० च्या दशकात कन्याकुमारी स्थानाच्या रूपाने स्त्रियांचा ब्रह्मचारिणी-संघ उभा केला. तेथील कन्यांना वेदमंत्र आणि यज्ञविधी शिकविण्यात आले. १९४१ मध्ये महाराजांच्या निधनानंतर गोदावरी मातांनी स्थानाचे नेतृत्व केले. येथे स्त्रिया स्वतः यज्ञ करू लागल्या. मात्र हा अधिकार संसारत्यागाशी जोडलेला होता. गृहस्थाश्रमी स्त्रीला तो लागू नव्हता.

ती मर्यादा पुण्यात ओलांडली गेली. १९७० च्या दशकाच्या मध्यास शंकरराव थत्ते यांनी उद्यान मंगल कार्यालयात स्त्रियांसाठी पौरोहित्याचे वर्ग सुरू केले. शिकणाऱ्यांत गृहिणींचा भरणा होता. पुढे ज्ञान प्रबोधिनीने पौरोहित्याचे शिक्षण जात व लिंग यांचा विचार न करता खुले केले, मंत्रांचा अर्थ मराठीत सांगण्याचा प्रघात पाडला आणि मुलींच्या उपनयनालाही स्थान दिले. शास्त्रार्थाचा निकाल लागण्याची वाट कोणी पाहिली नाही. वेळेवर येणारी, शुद्ध उच्चार करणारी, अर्थ समजावून सांगणारी पुरोहित यजमानांना हवी होती. ती मिळाली आणि प्रथा रुजली.

देवस्थानाचे पद

घरच्या पूजेत यजमान निर्णय घेतो, देवस्थानात मात्र पद हे वंशपरंपरागत उत्पन्नाशी बांधलेले असते. पंढरपूर मंदिरे अधिनियम, १९७३ ने बडवे, उत्पात आदींचे हक्क संपुष्टात आणले. त्यावरील न्यायालयीन लढा जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. त्याच वर्षी मंदिर समितीने स्त्रियांसह सर्व जातींच्या उमेदवारांकडून पूजेच्या कामासाठी अर्ज मागविले. वतन संपल्यावाचून हे घडणे शक्य नव्हते. त्यापूर्वी १९७२ मध्ये अर्चकाची नेमणूक ही ऐहिक स्वरूपाची कृती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, आणि २००२ मध्ये जात ही अर्चकपदाची आवश्यक अट नाही, असा निर्वाळा दिला. लिंगाच्या अटीविषयी मात्र या दोन्ही निर्णयांत भाष्य नाही.

एक तुलना

हा प्रश्न केवळ हिंदू वा भारतीय नाही. १८३० मध्ये अमेरिकेत जोसेफ स्मिथ यांनी स्थापन केलेल्या मॉर्मन चर्चमध्ये ‘प्रीस्टहूड’ हे निवडक धर्मगुरूंचे पद नसून, आपल्याकडील मुंजीप्रमाणे, साधारण बाराव्या वर्षी पात्र मुलांना दिले जाते. मुलींना ते मिळत नाही. कृष्णवर्णीय पुरुषांवरील बंदी १९७८ मध्ये उठली, स्त्रियांवरील कायम राहिली. २०१३ मध्ये ‘ऑर्डेन विमेन’ ही चळवळ सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्या संस्थापकांपैकी केट केली यांना चर्चमधून बहिष्कृत करण्यात आले. याउलट त्याच मुळातून फुटलेल्या, आज ‘कम्युनिटी ऑफ क्राइस्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शाखेने १९८४ मध्ये स्त्रियांना हे पद खुले केले. धर्मग्रंथांचा वारसा समान असूनही निष्कर्ष वेगळे निघाले. निर्णय केवळ ग्रंथ करीत नाही, ग्रंथाचा अर्थ लावण्याची सत्ता ज्या संस्थेकडे असते ती करते. मॉर्मन चर्चमध्ये ती सत्ता एका केंद्राकडे आहे. महाराष्ट्रात ती विखुरलेली असल्याने पुण्यातील एका मंगल कार्यालयातूनही बदलास सुरुवात होऊ शकली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, दीक्षेचे औदार्य पदाच्या समतेकडे आपोआप नेत नाही. दुसरी, महाराष्ट्रात पौरोहित्याचे दार शास्त्रार्थाने कमी आणि शिक्षण, यजमानाचे स्वातंत्र्य व वतनांचे विसर्जन यांनी अधिक उघडले. तिसरी, विखुरलेल्या सत्तेचा लाभ जसा आहे तसा धोकाही आहे. यजमानाच्या पसंतीवर उभा असलेला अधिकार यजमानाची पसंती बदलताच नाहीसा होतो. सत्यनारायणाला स्त्री चालते, परंतु गावच्या देवस्थानाला चालत नाही, अशी विभागणी स्थिरावली तर पौरोहित्य हे स्त्रीच्या घरकामाचेच विस्तारित रूप ठरेल. तसेच हा अधिकार काही शहरांपुरता आणि काही जातींपुरता राहिला, तर फुल्यांनी विचारलेला मूळ प्रश्न अनुत्तरितच राहील.

म्हणूनच ‘स्त्रीला अधिकार आहे काय’ या प्रश्नाबरोबर ‘तो अधिकार कोणाच्या नेमणुकीने टिकतो’ हेही विचारणे अगत्याचे आहे. जो अधिकार नियमात लिहिला जात नाही, तो परंपरेत सवलत म्हणूनच नोंदला जातो.