थेंबभर पाणी, डोक्यावरून पाणी

माझी नोकरी भुसावळच्या पार्सल ऑफिसात गेली आणि बराच काळ मी आमच्या मंडळीचा चिटणीसही होतो. दोन्हीकडे काम एकच, रजिस्टरं भरायची. त्यामुळे असेल, खानदेशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास मला रेल्वेच्या टाइमटेबलात सगळ्यात सोपा दिसतो. मुंबईहून निघालेली जीआयपीची लाइन धरा. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ, पुढे मलकापूर, अकोला. ही ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन मिशनची ठाणी. आता सुरतेहून येणारी तापी व्हॅली लाइन धरा, जी १९००च्या सुमारास अमळनेरपर्यंत पोचली. नवापूर, चिंचपाडा, नंदुरबार, दोंडाईचा. या बाजूला स्वीडिश आणि नॉर्वेजियन माणसं आली, काही अमेरिकेत वस्ती करून मग इकडे वळलेली. चाळीसगावहून धुळ्याला फाटा निघाला तोही १९००चाच. इंजिनाला पाणी भरायची सोय जिथे, तिथून हाकेच्या अंतरावर मिशनचा बंगला, असं माझे वडील म्हणायचे. ते लोको शेडमध्ये फिटर होते, त्यांना जग तसंच दिसणार.

आमच्याकडच्या जुन्या मंडळ्यांच्या पाट्यांवर 'अलायन्स' लिहिलेलं असतं. बॅप्टिस्ट म्हणवून घ्यायची इथे पद्धत नाही. पण बॅप्टिस्टांची ओळख ज्या गोष्टीवरून पटते ती आमच्या हाडात आहे. तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा करायचा नाही. त्याला पुढे आणायचं, प्रार्थना करून समर्पण करायचं, बस. तो मोठा होईल, स्वतःच्या तोंडाने कबुली देईल आणि मग पूर्ण पाण्याखाली जाईल. शिवाय मंडळीचा कारभार मंडळीच्याच हाती. वर बिशप नाही. पाळक कोण हवा, पत्रे कधी बदलायचे, यावर वार्षिक सभेत हात वर होतात आणि आवाजही.

हे आलं कुठून? दोन माणसांकडून, आणि दोघांनीही खानदेशात संसार मांडला नाही. पहिला ए. बी. सिम्प्सन. न्यूयॉर्कमधल्या प्रेस्बिटेरियन चर्चचा नावाजलेला पाळक. त्याचा बाप्तिस्मा लहानपणीच, शिंपडून झालेला. १८८१ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्याला ते पुरेसं वाटेना. गाजावाजा न करता त्याने पाण्यात उतरून पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि त्याच वर्षी चांगल्या पगाराचं आपलं चर्च सोडलं. सहा वर्षांनी त्याने जी संघटना उभी केली तिचीच पुढे अलायन्स मिशन झाली.

दुसरा फ्रेडरिक फ्रान्सन. स्वीडनमधल्या खाणीच्या मुलखात १८५२ साली जन्मलेला. घरच्यांबरोबर अमेरिकेत नेब्रास्काच्या माळावर गेला आणि तिथल्या स्वीडिश बॅप्टिस्ट मंडळीत बाप्तिस्मा घेऊन सभासद झाला. १८९० साली त्याने स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन काढली. १९४९मध्ये तिचं नाव बदलून द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन झालं, आमच्या बोलण्यात नुसती 'टीम'. स्वीडनमधली स्वीडिश अलायन्स मिशन ही निराळी संस्था, पण तिच्यावरही फ्रान्सनची छाप होती. दोघींची इंग्रजी आद्याक्षरं तीच, 'एस. ए.' नंदुरबारच्या मिशन हायस्कुलाच्या नावात ती अजून आहेत. जुनी पत्रं लावताना या एका योगायोगाने माझं डोकं जितकं फिरवलं तितकं रेल्वेच्या भाडेतक्त्यानेही फिरवलं नाही.

तिसरा शेजारी सीमेपलीकडचा, पण त्याला वगळून चालत नाही. नवापूरच्या पुढे गुजरातेत व्यारा, आणि डोंगर चढून डांगात आहवा. तिथे चर्च ऑफ द ब्रदरन. १९०८पर्यंत त्यांचं अधिकृत नाव जर्मन बॅप्टिस्ट ब्रदरन होतं. त्यांचा विल्बर स्टोव्हर १८९४ साली हिंदुस्थानात आला आणि त्याने बलसाडला ठाणं केलं. त्यांच्या रीतीने माणूस गुडघे टेकून तीनदा बुडवला जातो, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने, तोंड पुढे करून. आमच्याकडे एकदाच, पाठीवर. नवापूरकडच्या भिल्ल घरांत सोयरीक व्याऱ्याकडे व्हायची. तिथली सून आली की बायका हसत विचारायच्या, तुझं तिप्पट झालंय का गं?

या सगळ्या मिशनांना इथे माणसं कशी मिळाली, याचं उत्तर १८९९-१९००च्या दुष्काळाशिवाय देता येत नाही. गुजरातेत आणि आमच्या भागातही म्हातारी माणसं त्याला छप्पन्या म्हणत, संवत् १९५६ म्हणून. अनाथ मुलांची आश्रमं वऱ्हाड-खानदेशात त्याच वर्षांत भरली. पंडिता रमाबाईंनी गुजरातेतून दुष्काळातल्या मुली केडगावला नेल्या त्याही याच काळात. टीकाकार म्हणतात, भाकरीसाठी धर्म बदलला. भाकरीचा वाटा मी नाकारणार नाही. उपाशी पोराला कोणी आधी धर्मशास्त्र विचारत नाही. पण भाकरीने माणूस आत येतो, तीन पिढ्या तिथेच बसून पत्र्यावरून भांडत नाही. भांडायला ते घर आपलं वाटावं लागतं.

आमच्या घरातलं भांडण पाण्यावरचं होतं. आजी पाचोऱ्याकडची, तोंडी अहिराणी. आई नगर जिल्ह्यातली, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत वाढलेली. तिकडे बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडतात. आईचा बाप्तिस्मा ती दीड महिन्याची असताना झाला होता आणि त्याचा दाखला तिने ट्रंकेत सासरी आणला होता. आमच्या वडीलमंडळाने तो पाहिला आणि परत दिला. सभासद व्हायचं तर पाण्यात उतरा. आजीचा कौल त्यांच्या बाजूने. "तान्हा पोऱ्याले काय समजस?" आई म्हणाली, लग्न एकदा लागलं की लागलं, नवऱ्याचं गाव बदललं म्हणून पुन्हा लावत नाहीत. ती उतरली नाही. बरीच वर्षं प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षरसाचे पेले तिच्या समोरून पुढे जात. ती पदर सावरून ताठ बसलेली असे. मुलं म्हणून आम्हाला त्याची लाज वाटे; आता वाटतं, त्या बाकावर तिच्याइतका विचार केलेलं दुसरं कोणी नसावं.

हे भांडण आमच्या स्वयंपाकघराच्या किती आधीचं, ते मला निवृत्तीनंतर कळलं. १८१२ साली अमेरिकेतून पाच तरुण मिशनरी कलकत्त्याकडे निघाले, सगळे शिंपडण्याच्या पंथाचे. त्यातल्या अदोनिराम जडसनला ठाऊक होतं की उतरल्यावर बंगालमधल्या श्रीरामपूरच्या बॅप्टिस्टांशी गाठ पडणार. वाद घालायची तयारी म्हणून तो जहाजावर ग्रीक नवा करार उघडून बसला आणि वाचता वाचता समोरच्याचीच बाजू त्याला पटली. सप्टेंबरमध्ये कलकत्त्यात त्याने बुडवून बाप्तिस्मा घेतला. पाठोपाठ ल्यूथर राइसनेही. पैसे पाठवणाऱ्या संस्थेला काय वाटलं असेल! जडसन ब्रह्मदेशात गेला, राइस अमेरिकेत परतून बॅप्टिस्टांची जुळवाजुळव करू लागला. उरलेल्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी १८१३मध्ये मुंबईत उतरले. त्यांच्यातून अमेरिकन मराठी मिशन उभी राहिली, ती १८३१ साली अहमदनगरला गेली, तिथून आईचं गाव, आणि आईचा दाखला. जहाजावर जडसनच्या जागी हॉल असता तर आमच्या आईने पाण्यात उतरायला कां-कू केली नसती.

खुद्द श्रीरामपूरचे बॅप्टिस्ट महाराष्ट्रात रुजले नाहीत. तरी मराठीवर त्यांचं ऋण मोठं. विल्यम केरी, मूळचा चांभारकाम करणारा, फोर्ट विल्यम कॉलेजात बंगालीबरोबर मराठीही शिकवायचा. वैजनाथ शास्त्री हे त्याचे मराठी पंडित. १८०५ साली त्याचं मराठी व्याकरण आणि मत्तयाचं शुभवर्तमान छापलं गेलं, १८१०मध्ये कोश, १८११मध्ये नवा करार. मोडीचे खिळेही त्यांनी पाडले. पुण्यात पेशवाई असताना मराठी पुस्तकं छापत होता तो हुगळीकाठचा हा बॅप्टिस्ट. त्याच्या भाषेत बंगाली वळणं आहेत, हे खरं. पण आरंभ करणाऱ्याच्या शुद्धलेखनावर गुण कापणाऱ्यांतला मी नाही.

भाषेचा आणखी एक धागा आहे. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणात प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून बायबलमधला उधळ्या पुत्राचा दृष्टान्त त्या त्या बोलीत उतरवून घेत. भिल्ली आणि खानदेशी बोलींचा खंड १९०७ साली निघाला. तो तयार केला स्टेन कोनोव या नॉर्वेजियन पंडिताने. म्हणजे नवापूरच्या बाजूला स्कँडिनेव्हियन मिशनरी धडपडत भिल्ली शिकत होते, त्याच दशकात त्यांचा एक देशबंधू मेजावर बसून त्याच बोलींचं व्याकरण लावत होता.

आता प्रश्न पाण्याचा, म्हणजे खऱ्या पाण्याचा. खानदेशात बुडवायला पाणी बारमाही नसतं. पांझरा वैशाखात गुडघाभरही नसते. चाळीसगावची तितूर पावसात पूर आणि नंतर नुसती वाळू. भुसावळला तापी आहे म्हणून आमचा तोरा. म्हणून जुन्या रजिस्टरांत बाप्तिस्म्यांच्या तारखा दिवाळीनंतर नाताळापर्यंत दाटलेल्या दिसतात. नदीला पाणी असतं, कापूस वेचून हातात चार पैसे असतात आणि वांगी आलेली असतात. शेवटची गोष्ट क्षुल्लक समजू नका. पहाटेच्या थंडीत तापीत जाऊन कुडकुडत बाहेर आलेल्या माणसासमोर भरीत आणि कळण्याची भाकरी आली की त्याच्या विश्वासाला जोर चढतो. श्रावणात त्याच घाटावर कानबाईची मिरवणूक येते. आमच्या आजीला त्या गाण्यांच्या चाली पाठ होत्या आणि ती त्या गुणगुणायची, फक्त पाळक घरी नसताना.

पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात अंगावर पाणी घेऊन नवं आयुष्य सुरू करायची गोष्ट ख्रिस्ती लोकांचीच होती असंही नाही. १९२२ साली 'देवी' आली. अंगात आलेल्यांच्या तोंडून तिचा हुकूम यायचा: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, पारशी दारूवाल्यांशी संबंध तोडा. नवापूरच्या बाजूने ती लाट सुरत जिल्ह्यात गेली. आमच्या प्रचारकांना तिचा राग यायचा, असं वडील सांगत. मला वाटतं त्यांनी तिचे आभार मानायला हवे होते. मोहाची दारू सोडल्याशिवाय बाप्तिस्मा नाही, हा आमचा नियम ऐकणाऱ्याला तोवर परका राहिला नव्हता.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. अँग्लिकन, आईची नगरकडची मंडळी ज्यात होती ते संयुक्त चर्च, व्याऱ्याचे ब्रदरन आणि उत्तरेतले बॅप्टिस्टसुद्धा एकत्र आले. पाण्याचा तंटा त्यांनी असा मिटवला की दोन्ही रीती चालतील, ज्या कुटुंबाला जी हवी ती. खानदेशातल्या अलायन्स मंडळ्या त्यात गेल्या नाहीत. तडजोड शहाणपणाची होती हे मी मानतो. आमचे वडीलधारे हट्टी होते हेही मानतो. पण बिशप नको आणि कबुलीशिवाय पाणी नको, या दोन गोष्टी सोडल्या असत्या तर त्यांच्याजवळ स्वतःचं असं काय उरलं असतं, तेही मला सांगता येत नाही.

आता आमच्याकडे सिमेंटचा हौद आहे, नदीवर कोणी जात नाही. हौद गळतो. यंदा नगरकडून आलेल्या एका सुनेचा सभासदत्वाचा अर्ज पडला आहे; तिचा बाप्तिस्मा लहानपणी, शिंपडून. वडीलमंडळाने मला जुनं रजिस्टर शोधायला लावलं. त्यात आईचं नाव आहे, बाप्तिस्म्याच्या रकान्यात नगरची तारीख आहे, आणि शेऱ्याचा रकाना कोरा. ती नोंद कुणी केली ते अक्षरावरून कळत नाही. माझं अक्षर तरी नाही. एका वडिलांचं म्हणणं, हरकत लिहिलेली नाही म्हणजे मंडळीने मान्यता दिली होती. दुसऱ्याने सुनावलं, चिटणीसाच्या आळसाला ठराव समजू नका. सभा दिवाळीनंतर आहे.