उड्डाणक्रमाचे गणित आणि हीथ्रोची रांग

जानेवारी 1970 मध्ये बोइंग 747 हे महाकाय विमान प्रवासी सेवेत आले आणि विमानतळांवरील रांगेचा प्रश्न अधिक बिकट झाला. कारण अवजड विमानाच्या पंखांच्या टोकांपासून सुटणारे हवेचे भोवरे मागच्या हलक्या विमानाला उलथवू शकतात, त्यामुळे दोन विमानांत किती अंतर राखायचे हे पुढचे कोणते व मागचे कोणते यावर ठरू लागले. साहजिकच, क्रम बदलला की तेवढ्याच विमानांना लागणारा एकूण वेळही बदलू लागला. ठरलेल्या अटी पाळून अनेक पर्यायांतून सर्वांत लाभदायक पर्याय शोधणारे गणित, म्हणजेच इष्टतमीकरण, या प्रश्नाकडे वळले ते यामुळेच. मात्र केवळ दहा विमानांचे 36,28,800 क्रम होऊ शकतात.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रॉजर डिअर यांनी 1976 मध्ये असा नियम सुचवला की, कोणतेही विमान आगमनाच्या मूळ क्रमापासून ठरावीक जागांपेक्षा अधिक पुढे-मागे सरकवू नये. यामुळे पर्याय आटोक्यात आले आणि हलकी विमाने सतत मागे रेटली जाण्याचा अन्यायही टळला. हा विचार उतरणाऱ्या विमानांचा होता. जमिनीवर थांबलेले विमान आकाशात घिरट्या घालणाऱ्या विमानाइतके निकडीचे वाटत नाही, म्हणूनच बहुधा उड्डाणांकडे संशोधकांचे लक्ष उशिरा गेले.

लंडनच्या हीथ्रोवर दोन समांतर धावपट्ट्यांपैकी एक सामान्यतः उड्डाणांसाठीच वापरली जाते आणि तिच्या तोंडाशी असलेल्या प्रतीक्षास्थानी, म्हणजे आखूड मार्गांच्या जाळ्यात, नियंत्रक विमानांचा क्रम बदलतो. नॉटिंगहॅम विद्यापीठातील जेसन ॲटकिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भोवऱ्यांबरोबरच उड्डाणानंतरचे मार्ग आणि काही विमानांना नेमून दिलेली पंधरा मिनिटांची वेळमर्यादाही विचारात घेतली. नुकत्याच केलेल्या बदलांकडे काही काळ परतण्यास मनाई करून नवे पर्याय धुंडाळणारी ‘टाबू शोध’ ही पद्धत त्यांनी वापरली. पण तिची खरी कसोटी गणिताबाहेर होती, कारण कागदावर उत्तम ठरलेला क्रम त्या अरुंद जाळ्यात प्रत्यक्ष लावता आला नाही, तर तो निरुपयोगी ठरे. नियंत्रकाचे अनुभवजन्य ज्ञान येथे गणिताची अट बनले, हे या कामाचे मोठे वैशिष्ट्य मानावे लागेल.

याच गटाने 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात विमानाने आपली उभी राहण्याची जागा केव्हा सोडावी, हा प्रश्न हाती घेतला, जेणेकरून अटळ प्रतीक्षेचा मोठा भाग इंजिने बंद ठेवून काढता यावा. या उपायाने प्रतीक्षा नाहीशी होत नाही. तिच्यात जळणारे इंधन मात्र वाचते.