नोकरीच्या आधी सॉक्रेटिस

मध्यंतरी ऑफिसच्या ग्रुपबरोबर काही शनिवार मी एका रात्रनिवाऱ्यात कॉम्प्युटर शिकवायला जायचो. टायपिंग, एक्सेल, बायोडाटा. बेघर माणसाला आधी काय हवं? नोकरी! आमचं साधं लॉजिक. त्या लॉजिकला धक्का देणारी एक गोष्ट नंतर वाचनात आली, ती आज सांगतो.

अर्ल शॉरिस हा अमेरिकन लेखक नव्वदच्या दशकात तिथल्या गरिबीवर पुस्तक लिहीत होता. त्यासाठी तो न्यूयॉर्क राज्यातल्या बेडफर्ड हिल्सच्या महिला तुरुंगात गेला. लोक गरीब का राहतात, असं त्यानं एका कैदी बाईला विचारलं. तिच्या उत्तरात पैसा नव्हताच. मुलांना नाटकं, म्युझियम, व्याख्यानं दाखवा, विचार करायला शिकवा, असा तिचा सूर.

शॉरिसला त्यातून सुचलं ते असं. भूक, आजारपण, पोलीस, घरभाडं यांनी गरीब माणसाला चहूबाजूंनी घेरलेलं असतं. तो सतत फक्त प्रतिक्रिया देत राहतो. थांबून विचार करायची सवड मिळाली, तरच तो त्या वेढ्यातून बाहेर पडेल.

मग १९९५ मध्ये मॅनहॅटनच्या रॉबर्टो क्लेमेंटे केंद्रात वर्ग सुरू झाला. विषय होते नीतिशास्त्र, तर्कशास्त्र, कविता, कलेचा इतिहास, अमेरिकेचा इतिहास. प्रवेशाची मुख्य अट म्हणजे गरिबी, आणि पेपर वाचण्याइतपत अक्षरओळख. फी नाही, उलट सबवेची टोकनं मोफत. काही विद्यार्थी बेघर, काही तुरुंगातून सुटलेले. आणि शिकवणं म्हणजे भाषण नाही, टेबलाभोवती बसून प्रश्नोत्तरं.

३१ जणांनी सुरुवात केली, निम्म्याहून थोड्या जास्त जणांनी कोर्स पुरा केला, त्यातल्या १४ जणांना बार्ड कॉलेजचे क्रेडिट्स मिळाले. म्हणजे जवळजवळ निम्मे गळले, हेही खरं. पण एका विद्यार्थ्याचा किस्सा माझ्या डोक्यातून जात नाही. कामावर एका सहकारी बाईशी भांडण होऊन तो हात उगारायच्या बेतात होता. नंतर त्यानं शॉरिसला फोन करून सांगितलं, की त्या क्षणी त्याच्या मनात आलं, सॉक्रेटिसनं इथं काय केलं असतं? आणि तो शांत झाला.

२००३ पासून ऑस्ट्रेलियातही बेघरांसाठी असे वर्ग सुरू झाले. तिथं प्रत्येक विद्यार्थ्याबरोबर अभ्यासाला बसणारा एक सोबती असतो. शिक्षक नव्हे, बरं का. बरेचदा आपल्यासारखाच एखादा नोकरदार.

शॉरिस २०१२ मध्ये गेला. त्याचे वर्ग चालू राहिले.

आता एक्सेल वाईट असं मी अजिबात म्हणत नाही, त्यावर तर माझंही पोट चालतं! पण इतक्या शनिवारांत मी त्या मुलांना एकच प्रश्न विचारला होता, "फाईल सेव्ह केली का?" तुला काय वाटतं, हे एकदाही नाही.

परवाच्या शनिवारी परत जातोय. शेवटचा अर्धा तास कॉम्प्युटर बंद ठेवणार आहे.